“ख्रिश्चन असून मराठी छान बोलता हो तुम्ही!”

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाताळचा स्टार गेटवर लावायचा की नाही, यावरून जुंपली. दिवाळीचा कंदील लागतो तसा आठ दिवस स्टार लागला तर काय बिघडलं, असं एकाने लिहिलं. त्यावर बी विंगमधल्या काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. त्याचं सार असं: हा धर्म पोर्तुगिजांनी तलवारीच्या धाकाने आणला, इंग्रजांनी पोसला, आणि तो मानणाऱ्यांनी एकदा सांगून टाकावं, आधी देश की आधी धर्म? खाली पाच-सहा अंगठे. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं.

दुसऱ्या दिवशी तेच काका लिफ्टमध्ये भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ते तुमच्याबद्दल नव्हतं हो. तुम्ही तर ख्रिश्चन असून किती छान मराठी बोलता!”

खरं सांगतो, फॉरवर्डपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. फॉरवर्ड लिहिणारा मला ओळखत नाही. काका वीस वर्षं ओळखतात. माणूस मनाने वाईट नाही. मी आजारी होतो तेव्हा रात्री दोनला गाडी काढली होती त्यांनी. आणि तरी त्यांच्या डोक्यात मी मराठी ‘बोलणारा’ आहे, मराठी नाही. जसा एखादा जपानी माणूस छान मराठी बोलतो, तसा.

मी वसईचा कुपारी. घरात सामवेदी, शाळेत मराठी, चर्चमध्ये मराठी. आमच्या आज्या लाल लुगडं नेसून मिस्साला जायच्या. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत हे सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितोय. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

आधी फॉरवर्डमध्ये जे खरं आहे ते मान्य करतो. आमच्यातले बरेच जण इथेच गडबड करतात. विषय निघाला की “चर्चने शाळा काढल्या, हॉस्पिटलं काढली” असं सुरू करतात. काढलीच. पण विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय!

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, त्यानंतर पोर्तुगिजांनी तिथल्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि ठार केलं. संत फ्रान्सिस झेवियर यांचा फोटो आमच्या घराघरांत आहे. १५४६ मध्ये गोव्याला इन्क्विझिशन पाठवा असं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिणारेही तेच. लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांच्या चमत्कारांवर मला बक्षीस मिळालं होतं. या पत्राबद्दल मला वयाच्या चाळिशीत कळलं, तेही दुसऱ्यांच्या तोंडून. हे आम्हाला आमच्याच लोकांनी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आज प्रत्येक फॉरवर्डपुढे आमच्या पोरांची तोंडं अशी उतरली नसती.

तर हे सगळं मान्य. आता पुढचा प्रश्न. हे इन्क्विझिशन प्रामुख्याने कोणावर चाललं?

त्या न्यायालयाचा मुख्य धंदा होता बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना पकडण्याचा. नाव ख्रिस्ती, पण घरात जुन्या रीती चालू ठेवल्या, हा गुन्हा. १७३६ चा त्यांचा एक हुकूमनामा आहे. त्यात देशी ख्रिस्त्यांनी लग्नात गाणी म्हणायची नाहीत, पानसुपारी-हळदीचे रिवाज करायचे नाहीत, तुळस लावायची नाही, धोतर-चोळी घालायची नाही, अशी लांबच लांब यादी आहे. म्हणजे पोर्तुगिजांची तक्रार काय होती, लक्षात घ्या. हे लोक ख्रिस्ती झाले खरे, पण पोर्तुगीज होईनात! धर्म घेतला, लुगडं सोडेनात. आज काकांची तक्रार बरोबर याच्या उलटी आहे: लुगडं नेसता, मग धर्म कशाला? आमच्या पूर्वजांना आणि आम्हाला दोन्ही बाजूंनी एकच सांगितलं जातंय, की या दोन गोष्टी एका अंगावर शोभत नाहीत.

वसईसुद्धा त्या न्यायालयाच्या अखत्यारीत होती. आणि हुकूमनाम्याला तीन वर्षं होतात न होतात तोच, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले. आमचे पूर्वज गेले नाहीत. जाणार कुठे? त्यांची वाडी इथे, विहीर इथे, केळी इथे. मराठ्यांच्या राज्यात ते ख्रिस्तीच राहिले. मुंबई-वसई पट्ट्यातल्या आमच्या लोकांच्या लग्नात आजही मांडवात गाणी म्हणतात, उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत जातात. माझं तर मत आहे की आमची लग्नगाणी वाचली त्यात चिमाजी अप्पांचाही हात आहे. आमच्या काही मंडळींना हे वाक्य आवडणार नाही, काकांच्या ग्रुपलाही आवडणार नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

आणि त्या मोहिमेतून आलेल्या घंटा! भीमाशंकरला जा, मेणवलीला जा, नाशिकला नारोशंकराच्या देवळात जा. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा तिथे टांगलेल्या आहेत. नारोशंकराची घंटा तर मराठीत म्हण होऊन बसली. त्या घंटेला कोणी विचारत नाही, बाई तू कुठली, आधी देश की आधी धर्म. तिचं सगळं आयुष्य इथे गेलं, विषय संपला. काकांना पगार आवडतो, पाव आवडतो, बटाटा उपासालाही चालतो. घराची चावी खिशात, अंगाला साबण. हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. ‘नाताळ’ही त्यांचाच. बटाट्याला नागरिकत्व मिळालं, आमचं अजून पेंडिंग आहे.

आता फॉरवर्डमधलं दुसरं गृहीतक: ख्रिस्ती माणूस म्हणजे परक्या सत्तेचा माणूस. यावर इतिहास काय सांगतो?

केरळमध्ये पोर्तुगीज यायच्या कित्येक शतकं आधीपासून ख्रिस्ती होते. त्यांची उपासना सिरियन पद्धतीची. पोर्तुगिजांना ते खपलं नाही. १५९९ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपने उदयंपेरूरला धर्मसभा भरवून त्यांच्या रीती ‘सुधारल्या’, त्यांची जुनी पुस्तकं जाळायला लावली. चोपन्न वर्षं लोकांनी सोसलं. मग ३ जानेवारी १६५३ ला मट्टनचेरीला हजारो जण जमले. एका क्रुसाला दोर बांधला, जो तो दोर धरून उभा राहिला आणि शपथ घेतली, यापुढे या जेझुइटांचं ऐकणार नाही. पोर्तुगिजांच्या तोंडावर हे सांगणारे लोक ख्रिस्ती होते, आणि क्रुसाचीच शपथ घेऊन सांगत होते. त्या वेळी शिवाजी महाराज तेविशीच्या आतबाहेर होते. किती शाळांच्या पुस्तकात आहे हे?

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव झाला. त्यात पुढे कोण? गोव्याचेच पाद्री, ज्यांना कातडीच्या रंगामुळे वरची पदं मिळत नव्हती. कट फुटला, धरपकड झाली, काहींना पणजीत देहदंड झाला. आणि १९४४ मध्ये ‘गोमंतकीयांचं अराष्ट्रीयीकरण’ या विषयावर पुस्तिका लिहून पोर्तुगीज राजवटीने आणि तिच्या चर्चने आपल्या माणसांचं काय केलं हे सगळ्यांत कडक शब्दांत कोणी मांडलं? त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी. चांदरच्या ख्रिस्ती घरातला माणूस. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढली, १९४६ मध्ये पकडला गेला, पोर्तुगालच्या पेनिशच्या तुरुंगात डांबला गेला. काकांच्या फॉरवर्डमधला निम्मा मजकूर कुन्हांनी कितीतरी आधी, जास्त अभ्यासाने आणि स्वतःची कातडी पणाला लावून लिहून ठेवलाय.

आता मला खरं जे म्हणायचंय त्याच्याकडे येतो. एखादा धर्म एखाद्या देशात आपला होतो की परका राहतो, हे तो कुठून आला यावर ठरत नाही. तसं असतं तर बौद्ध धर्म जपानात परका असता. तो कोणाच्या भाषेत बोलला आणि अडचणीच्या वेळी कोणाच्या शेजारी उभा राहिला, यावर ते ठरतं.

एकाच गोव्यात, एकाच शतकात, या दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षं साष्टीतच काढली, तिथेच १६१९ मध्ये वारला. या माणसाने काय करावं? कोकणी शिकला, तिचं व्याकरण लिहिलं. मराठी शिकला, पुराणांची धाटणी शिकला, ओवी शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. त्याने वैकुंठ म्हटलं, पुराण म्हटलं, गुरू म्हटलं. साष्टीतल्या माणसाला ख्रिस्ताची गोष्ट सांगायची तर ती त्याच्या कानाला ओळखीच्या चालीत सांगायची, एवढं त्याला कळलं होतं. मराठी भाषा दिनाला दरवर्षी स्टेजवर त्याची मराठीच्या कौतुकाची ओवी म्हटली जाते. म्हणणाऱ्याला पुष्कळदा ठाऊकही नसतं की ती एका पाद्रीची आहे, आणि पाद्री विल्टशरचा आहे. (आमच्या सोसायटीतसुद्धा म्हटली गेली. काकांनीच म्हटली. मी टाळ्या वाजवल्या.)

तो धर्मांतर करायलाच आला होता, हे विसरू नका, असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. हो, त्यासाठीच आला होता. पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखालीच राहत होता. तरी त्याच्या हातून झालं ते असं, की मराठीत एक मोठा ग्रंथ राहिला. पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून लोकांनी जपला, आणि १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी पुन्हा छापला. लिस्बनहून कोणी हुकूम सोडून असा ग्रंथ जिवंत ठेवता येत नाही. गावोगावच्या चर्चमध्ये तो वाचणारी, गाणारी माणसं होती म्हणून राहिला.

आणि दुसरी तऱ्हा? जून १६८४. संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारी परतून सहाएक महिने झालेले. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर हुकूम काढतो: देशी लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावं, आपापसातही तेच बोलावं, देशी भाषा सोडावी. हादरलेली सत्ता पहिल्यांदा लोकांच्या जिभेवर हात टाकते. ज्या राशोलला मराठीत पुराण छापलं गेलं, तिथून जेमतेम अडुसष्ट वर्षांत हे इथवर आलं. स्टीफन्सचा ख्रिस्त गावात राहिला, व्हाइसरॉयचा ख्रिस्त त्याच्या वाड्यात. लोकांना हा फरक कळत होता.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. पोलंडमध्ये धर्म आणि देश एकमेकांत इतके मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत, असं म्हणतात. का? १७९५ मध्ये तो देश नकाशावरून पुसला गेला, रशिया-प्रशिया-ऑस्ट्रियाने वाटून घेतला, आणि सव्वाशे वर्षं पोलिश भाषेला हक्काचं छप्पर राहिलं ते चर्चचं. १९०१ मध्ये व्झेश्न्या नावाच्या गावात प्रशियन सरकारने शाळेत धर्माचा तास जर्मनमध्ये सुरू केला. पोरांनी उत्तरं द्यायला नकार दिला. देवाशी जर्मनमध्ये बोलणार नाही म्हणाली. मास्तरांनी फोडून काढलं, आरडाओरड करणाऱ्या आईबापांना तुरुंगात घातलं. पोरं एवढीएवढीशी! धर्म तोच, बायबल तेच, शिकवणारेही ख्रिस्तीच. भांडण भाषेचं होतं, म्हणजे आपण कोण याचं होतं.

पण तोच पोलंड आज बघा. चर्च सत्तेच्या मांडीवर जाऊन बसलं, २०२० मध्ये गर्भपाताच्या निकालावरून लाखो बायका रस्त्यावर आल्या तेव्हा काहींनी थेट चर्चमध्ये घुसून घोषणा दिल्या. आयर्लंडचं तेच. इंग्रजांच्या राज्यात कॅथलिकांचे हक्क काढून घेतले होते तेव्हा पाद्री लोकांबरोबर उपाशी राहिला, म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. स्वातंत्र्यानंतर १९३७ च्या घटनेत चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं. मग त्या विशेष स्थानाच्या आडोशाला मॅग्डलेन लाँड्र्यांमध्ये बायकांना कोंडून राबवलं. लोकांनी ते कलम १९७२ मध्ये मतदान करून काढून टाकलं, आणि पुढे हळूहळू मिस्साला जाणंही सोडलं. जे परक्या राजाला तीनशे वर्षांत जमलं नव्हतं ते आपल्याच सरकारच्या लाडाने पन्नास वर्षांत झालं.

जर्मनीचं तर बोलायलाच नको. १९३३ मध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्यांची चळवळ जोरात होती. येशूला आर्य ठरवा, बायबलातला ज्यूंचा जुना करार काढा, ज्यू वंशाच्या पाद्र्यांना हाकला. राष्ट्र आधी! त्यांना विरोध करणाऱ्यांतला डिट्रिख बॉनहोफर एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला. “आधी देश की आधी धर्म” या प्रश्नाला तिथल्या बहुसंख्य चर्चवाल्यांनी अगदी काकांना आवडेल तेच उत्तर दिलं होतं.

म्हणून मला या प्रश्नाचीच भीती वाटते. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, गुडघे टेकलेले हवे असतात. आणि धर्म हेच देशाचं ओळखपत्र करायला निघालेल्यांनी, मग तो धर्म कोणताही असो, आयर्लंडकडे एकदा बघून घ्यावं. राजदरबारी गेलेल्या देवाला घरची माणसं विसरतात.

घरी परत येतो. देशासाठी काय केलंत, असाही एक प्रश्न असतो. मला तो विचारायचाही आवडत नाही आणि त्याची उत्तरं द्यायलाही आवडत नाही, कारण शेजारच्यांना कोणी ही पावती मागत नाही. पण काही नावं मराठी माणसालाच माहीत नसावीत याचं वाईट वाटतं. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, तिचे पहिले अध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. माझगावचे, कॅथलिक, सगळी मुंबई त्यांना ‘काका’ म्हणायची. टिळकांचे वकील, गिरणी कामगारांचे पुढारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. लोकमान्यांच्या अध्यक्षांचं आडनाव बॅप्टिस्टा होतं हे मी सांगतो तेव्हा लोक मोबाइल काढून तपासतात.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या मठातल्या बायकांशी भांडण सुरू केलं. तुम्ही सांगाल ते मी मानणार नाही, स्वतः वाचून ठरवेन. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसला त्या हजर होत्या. प्लेगच्या वेळी पुण्यात बायकांचे हाल झाले तेव्हा सरकारवर जाहीर टीका केली, आणि सरकार तर ‘ख्रिस्ती’ होतं! केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल केलं, ते मुक्तीमधल्या बायकांच्या हातून छापलं. आणि रेव्हरंड टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि ज्ञानोबा-तुकोबांचा हात धरूनच ख्रिस्ताकडे गेले. अभंगात लिहिलं, कीर्तन केलं, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, कारण त्यांना परक्यांच्या पगारावर चालणारी मंडळी नको होती. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’बद्दल मी काय सांगू? ते पुस्तक ज्याने वाचलं नाही त्याने माझ्या मराठीचं कौतुक करू नये.

अजून एक, आणि हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांना राखीव जागा द्यायच्या की नाही हा प्रश्न होता. मुसलमान, शीख, ख्रिस्ती, सगळ्यांचाच. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष होते हरेंद्र कुमार मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती, घटना समितीचे उपाध्यक्ष. मे १९४९ मध्ये त्या राखीव जागा सोडण्याचा निर्णय झाला आणि ख्रिस्ती प्रतिनिधी त्याच्या बाजूने उभे राहिले. वेगळं काही नको, इथलेच म्हणून राहू. देशात आमची संख्या आज दोन-सव्वादोन टक्के. तेव्हा विश्वास टाकला होता. शहात्तर वर्षं होऊन गेली, गेटवर स्टार लावायला विचारावं लागतंय.

आता आमच्या लोकांकडे वळतो. इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवत असाल तर थांबा जरा.

काकांच्या वाक्यात मला लागलं ते हे, की ते अगदीच खोटं नाही. आपणच बोलताना काय म्हणतो? “आमच्या बिल्डिंगमध्ये चार कॅथलिक आणि बाकी सगळे मराठी लोक.” म्हणजे मराठी म्हणजे हिंदू, हे आपणच ठरवून टाकलं! मुंबईतल्या आपल्या भाऊबंदांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, कंपनी सरकारची जुनी प्रजा, हे दाखवायला. नोकरीचा प्रश्न होता, मी समजू शकतो. पण साष्टी-वसईच्या मातीतल्या कोळी-भंडारी-कुणब्यांनी ओळख म्हणून एका परदेशी कंपनीचं नाव अंगाला लावून घ्यावं आणि ते आजही अभिमानाने मिरवावं, याला काय म्हणायचं?

व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला. वसईत त्याचं सोनं झालं. गाणी लिहिली गेली, ‘सुवार्ता’ मासिक घराघरांत गेलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी मराठीत ‘सुबोध बायबल’ केलं, हरित वसईसाठी बिल्डरांशी लढले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड झाल्या झाल्या विरोध सुरू झाला: पाद्री कसा काय? तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. बरोबर होतं चिडणं. पण त्या वर्षी चिडलेल्यांतल्या किती जणांच्या घरी दिब्रिटोंचं एक तरी पुस्तक होतं? आणि ते वाचू शकेल असं पोर किती घरांत होतं?

माझ्याच घरचं सांगतो, दुसऱ्याचं कशाला. माझ्या मुलांना मी इंग्रजी माध्यमात घातलं. त्या वेळी सगळे घालत होते, फादरही म्हणाले घाला. आज माझी नात पाचवीत आहे. आजीशी सामवेदीत बोलत नाही, मराठीत अडखळते, प्रार्थना इंग्रजीत म्हणते. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषा काय लिहायची हे सूनबाईंनी मला फोन करून विचारलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांची मुदत दिली होती; त्याला जमलं नाही. आमच्या घरात तीस वर्षांत झालं, आणि हुकूम कोणीही काढला नव्हता. फी आम्ही भरली.

इंग्रजी शिकू नका असं कोण म्हणतंय? पण ज्या दिवशी वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्साला फक्त म्हातारे उरतील, त्या दिवशी काकांचा फॉरवर्ड खरा ठरेल, आणि तो खरा करायला काकांनी काहीही केलेलं नसेल. आमच्या पॅरिशमध्ये मराठी मिस्सा पहाटे साडेसहाला गेलाय, साडेआठची चांगली वेळ इंग्रजीला. मी लेखी विचारलं तर उत्तर आलं, “तरुणांची मागणी आहे.” तरुण कोण? माझाच मुलगा.

तर काका, तुम्ही हे वाचत असालच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण तो प्रश्न तुम्ही लिफ्टमध्ये दुसऱ्या कोणाला विचारत नाही. फॉरवर्डमधल्या पोर्तुगिजांबद्दल मात्र हवं तेव्हा घरी या, मी तुमच्यापेक्षा जास्त शिव्या घालीन.

सोसायटीची मीटिंग रविवारी अकराला आहे, विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीनंतर स्टार. त्याआधी साडेसहाला मराठी मिस्सा. काकांना काल दोन्हीचं आमंत्रण दिलंय. मीटिंगला येतो म्हणाले, मिस्साचं बघू म्हणाले. नातीलाही विचारलंय. साडेसहा म्हटल्यावर तिनेही “बघू” म्हटलंय. निदान मराठीत म्हटलं.